जेवाले घरीच या

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेच्या दुकानांची ओळ लागते ना, तिथल्या उन्हालाही नाद असतो. टांगलेल्या परातींवरून ऊन घरंगळत खाली येतं, पाणी भरायच्या गुंडांच्या पोटात शिरतं आणि तिथंच घुमत बसतं. त्या दिवशी त्या नादात रीना टाळांच्या जोड्या पारखत होती. एक जोडी वाजवायची, कानाशी धरायची, नाद विरेपर्यंत थांबायचं, मान हलवायची... आणि दुसरी उचलायची.

दुकानदार कंटाळला. "मॅडम, सगळे टाळ एकाच भट्टीतले आहेत."

"भट्टी एक असन, भाऊ. एका मायच्या चार पोरी तरी कुठं सारख्या बोलतात?"

शेवटी एक जोडी तिच्या मनासारखी बोलली. खात्री म्हणून तिनं त्यावर दंडारीचा ठेका धरला. ठण ठण, ठिणक ठण...

आणि गुंडांच्या राशीमागून जवाब आला. धुम धुम, धुमक धुम!

रीना थबकली. तिनं ठेका बदलला. मागचाही बदलला. मग तिनं मुद्दाम अर्ध्यातच हात थांबवला. अर्धा ठेका तसाच हवेत लोंबकळला. एक क्षण गेला... दोन गेले... आणि उरलेला अर्धा अलगद पुरा झाला, जणू पडती फुलं कोणी ओच्यात झेलावीत.

राशीमागून एक डोकं वर आलं. कुरळे केस, गालावर पितळेची झाक, मांडीवर भला थोरला गुंड.

"गुंड घेऊन राहिले का ढोलकी?" रीनानं विचारलं.

"गुंडच. मायनं सांगतलं होतं, वाजवून घेजो. वाजवाले बसलो, तं तुमचा टाळ आला."

"सवाल माहा होता."

"अन् जवाब माहा. मंग जितलं कोन?"

"ते ठरायचं आहे अजून," रीना म्हणाली आणि टाळ पिशवीत टाकले. पण पाय काही दुकानाबाहेर निघाले नाहीत.

त्याचं नाव सुगत. जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणारा. टाळ कुणासाठी, असं त्यानं विचारलं, तेव्हा रीनानं हनुवटी जराशी वर केली. हे सांगितलं की लोक हसतात, हे तिला सवयीचं होतं.

"शाळेतल्या पोरींच्या दंडार मंडळासाठी."

तो हसला नाही. त्यांच्या भागात दंडार म्हणजे पुरुषांचा नाच-सोंगांचा खेळ. ढोलकी त्यांची, टाळ त्यांचे, आणि बाईचं सोंगही लुगडं नेसून तेच घेणार. सुगतनं फक्त एवढंच विचारलं, "मंग पाटलाच्या मिशा कोन लावते?"

"नववीतली अंजू. अशा पिळते, की खरा पाटील खाली पाहीन."

आता मात्र तो हसला. आणि रीनाच्या लक्षात आलं, की या हसण्याचा नादही कानाशी धरून विरेपर्यंत ऐकावा असा आहे.

"आमच्या मंडळाचं खातं आहे ट्विटरवर," ती घाईनं म्हणाली. "फॉलो करा."

"एवढंच?"

"एवढं तं करा आधी!"

*

खरं तर ते खातं शाळेचं होतं. वृक्षारोपणाचे आणि स्वच्छता दिनाचे फोटो टाकून वरच्या कार्यालयाला दाखवायचे, एवढंच त्याचं काम. ते रीनानं मुख्याध्यापकांकडून मंडळासाठी मागून घेतलं. ती तुमसरजवळच्या जांभळीटोल्याची. त्याच गावात वाढली, त्याच शाळेत मराठी शिकवायला लागली. ट्विटरचं नाव आता एक्स झालंय, हे ती वर्गात सांगायची. घरी सगळे त्याला ट्विटरच म्हणायचे. दोनशेऐंशी अक्षरांत काय मावतं, असं सहशिक्षक विचारायचे. रीना म्हणायची, "माह्या मायच्या जात्यावरच्या ओवीले कधी एवढेही लागले नाही."

आणि तिला ते खातं हवंच होतं. कारण डोमाजी.

डोमाजी म्हणजे गावच्या मंडई समितीचे अध्यक्ष, शाळेच्या समितीतही तेच. माणूस वाईट नाही, पण पुरुषांच्या दंडार पार्टीचे जुने ढोलकीवाले. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाहुण्यांनी घरं फुलतात, आणि दुपारची दंडार हा त्या दिवसाचा मान. तो मान रीनानं पोरींसाठी मागितला, तेव्हा डोमाजींनी सुपारी गालात सरकवली.

"देतो, मॅडम. पटांगण भरलं, तं मंडळ चालू राहीन. नाही भरलं, तं टाळ जमा करा अन् पोरींले लेझीम शिकवा. आन् तसंही..." ते मिश्कील हसले, "हे तुमचं लगन होईपर्यंतच आहे. याच्या आधीच्या बाईनं लेझीम बसवलं होतं. लगन झालं, बाई गेली सासरी, लेझीम गेलं माळ्यावर."

"मी माळ्यावर जानारी नाही," रीना म्हणाली.

"ते पाहू," डोमाजी म्हणाले.

म्हणून ती रोज मधल्या सुट्टीत एक पोस्ट टाकायची. पोरींच्या सरावाचा छोटासा व्हिडिओ आणि खाली एक ओळ. कधी धानावरची, कधी तळ्यावरची. वाचणारे मोजकेच होते. पुण्यात नोकरीला गेलेली गावातली दोन पोरं आणि एक वीजबिलवाला. मग एका दुपारी तिनं सवाल टाकला:

*पाय नाही त्याले, तरी गाव फिरून येते,*
*तोंड नाही त्याले, तरी हाक मारून जाते.*

सुट्टीची घंटा व्हायच्या आत जवाब आला. नाव होतं— सुगत, जवाहरनगर.

*पाय नाही, तोंड नाही, तो ढोलकीचा नाद,*
*गाव फिरून इथं आला, म्हनून देतो साद.*

रीना फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. कारण वर्गाला गाल दाखवायची सोय नव्हती.

पुढे रोजचंच झालं. तिनं सवाल टाकावा, त्यानं डबा खाता खाता जवाब द्यावा. बघता बघता लोक जमू लागले. कुणी साकोलीचा, कुणी गोंदियाचा, कुणी नागपूरहून लिहायचा— आज मॅडमचा सवाल आला नाही काय? पोरींचे व्हिडिओ या हातातून त्या हातात जाऊ लागले. अंजूच्या मिशा तर जिल्हाभर गाजल्या.

एकदा सुगतनं खासगी निरोप पाठवला. "इथं बोललं तं चालते का?"

रीनानं उत्तर दिलं, "नाही चालत. सवाल चव्हाट्यावर झाला, तं जवाबही चव्हाट्यावर. खातं शाळेचं आहे."

"अन् मानूस?"

"मानूसही सध्या शाळेचाच आहे."

शाळेच्या खात्यावर लाजता येत नाही, ही त्यातली मोठी पंचाईत. हृदयाची खूण उमटवायची तरी हेडमास्तरांची परवानगी घ्यावी की काय, असं वाटायचं! मग ती ओळींच्याच आडोशाला जायची. तिनं लिहिलं:

*तळ्यातलं चांदनं हाती काहून येत नाही?*

त्यानं लिहिलं:

*हात घातला की मोडते... पाहत ऱ्हायलं तं जात नाही.*

सरावाला बसलेल्या अंजूनं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "मॅडम, हे अभ्यासक्रमातलं नाही वाटत."

"चाळ बांध तू आधी!"

मग एके दिवशी सवाल त्यानं टाकला. सुगरण पाखराची रीत तिथं पोरासोरांनाही ठाऊक— नर खोपा विणतो आणि मादीची वाट बघत झाडाला लोंबकळतो.

*खोपा विनून झाला सारा, पाखरू अजून काहून थांबलं?*

रीनानं तो दिवसभर वाचला. आईनं दोनदा हाक मारली, तीही तिला ऐकू आली नाही. शेवटी तिनं लिहिलं, आणि लिहिताना बोट जरा अडखळलं...

*खोपा मोठा देखना बाप्पा... पन झाड कोनतं, विचारलं?*

त्या दिवशी जवाब आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोकांनी लिहिलं, जवाहरनगर हरलं! रीनाला मात्र जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

*

मंडईच्या आदल्या दिवशी तिनं पोरींचा ओळीनं उभा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "उद्या आमच्या जांभळीटोल्याची मंडई. दुपारी पोरींची दंडार. सगळ्यांनी या. जेवाले घरीच या."

यात तिला काही वेगळं वाटलं नाही. मंडई आली की गावातला प्रत्येक जण भेटेल त्याला असंच म्हणतो. बाजारात म्हणतो, एसटीत म्हणतो, दवाखान्याच्या ओट्यावरही म्हणतो. मंडईला बोलवायचं आणि जेवायला नाही म्हणायचं, हे त्या भागात कुणाच्या जिभेला जमत नाही.

सकाळी दव सुकायच्या आतच पहिला टेम्पो आला. मग दुसरा. मग मोटरसायकलींची रांग. माणसं उतरत होती, कपडे झटकत होती आणि विचारत होती, "रीना मॅडमचं घर कोनतं जी? जेवाले बोलावलं आहे."

रीनाची आई मंगलाबाई दारात आली, अंगणातली गर्दी पाहिली आणि तिनं कमरेवर हात ठेवले.

"काय केलंस वं बाई? सोयरे बोलावले का जिल्हा बोलावला?"

"मी तं नेहमीसारखंच लिहलं, माय..."

"नेहमीसारखं पारावर बोलतात! तू कुठं बोलली?"

तेवढ्यात डोमाजीही आले. चेहऱ्यावर काळजी होती, पण मिशीच्या टोकाला थोडा आनंदही होता. "मॅडम, मंडईत बोलावलेला मानूस उपाशी गेला, तं गावाचं नाक जाते. मंग पोरींले कोनी मंचावर चढू देनार नाही— मी म्हटलं तरी. ते पोस्ट मिटवा, अन् लिहा, चुकून झालं म्हना."

रीनानं अंगणातल्या गर्दीकडे पाहिलं. पण मान काही खाली गेली नाही. "जेवाले बोलावलेल्या मानसाले चुकून बोलावलं म्हनू? ते नाही मिटवत मी, डोमाजी."

"मंग खाऊ काय घालता?"

जवाब रस्त्यावरून आला. घरघर करत एक छोटा टेम्पो अंगणात वळला. मागे भात शिजवायचे दोन गंज होते, एकेकात एक अख्खं लेकरू उभं राहील एवढे. शेजारी तांदळाचं पोतं. आणि पोत्यावर बसलेला, केसांवर धूळ माखलेला... सुगत.

"तुम्ही?" रीनाचा आवाज जरा वरच गेला.

"तुमची पोस्ट वाचली," त्यानं खाली उडी मारली. "आधी हासू आलं. मंग घाम आला. मॅडम, गावच्या पारावर बोलाचं वाक्य तुम्ही अख्ख्या विदर्भाच्या पारावर बोलल्या!"

"मंग मिटवा म्हनाले आले का तुम्हीही?"

"मिटवाचं असतं तं निरोप पाठवला असता. गंज कायले आनले असते?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो तिच्याकडे. मंगलाबाई खाकरली, तेव्हा दोघांना एकदम चुलीची आठवण झाली.

पण दोन गंजांनी तेवढं भागणार नव्हतं, हे रीनाला दिसत होतं. आणि तिला हेही ठाऊक होतं, की आज गावातल्या एकाही घरात चूल थंड नाही. प्रत्येक घर पाहुण्यांसाठी रांधून बसलेलं होतं. तिनं मंडळाच्या पोरी गोळा केल्या.

"आयका. एकेकीनं टाळ घेऊन गावाच्या तोंडाशी उभं राहाचं. येतील त्यातले दहा-बारा मोजाचे, वाजवत आपल्या घरी न्याचे. जेवू घालाचं, हात धुवाले पानी द्याचं, अन्..." ती थांबली, डोळे चमकले, "अन् मंग वाजवतच पटांगणात आनाचे. एकही मानूस मधात सुटाले नाही पाहिजे."

अंजूनं मिशीला पीळ दिला. "पाटलाच्या तावडीतून कोन सुटते, मॅडम?"

तशा पोरी निघाल्या. गल्लीगल्लीतून टाळ वाजू लागले आणि टाळामागे पाहुणे चालू लागले. साकोलीचे या घरी, गोंदियाचे त्या घरी. उरलेल्यांची पंगत मंगलाबाईच्या अंगणात बसली. भात, वरण आणि वाल-वांग्याची भाजी. सुगत गंजापाशी उभा राहून उलथण्यानं भात हलवत होता, रीना लाकडं सारत होती. धूर तिच्याकडे आला, की तो सरकून मध्ये उभा राहायचा. धूर त्याच्या डोळ्यांत जायचा आणि पाणी मात्र तिच्या डोळ्यांत यायचं.

"दोन दिवस जवाब नाही दिला तुम्ही," ती चुलीकडे बघत म्हणाली.

"देऊन राहिलो ना."

"कुठं?"

"भात शिजू द्या, मॅडम. कच्चा जवाब वाढू नये."

मंगलाबाईनं ताटं पुसता पुसता त्याला न्याहाळलं. मंडईत पाहुण्या पोराची चौकशी करणं हा आयांचा हक्कच. "कोनाचा रे बापू तू?"

"परसराम जलशेवाल्यांचा नातू, मावशी."

मंगलाबाईचा हात थांबला. "परसरामबुवा? मी लहान होती, तं त्यांचा जलसा आला होता आमच्या मायेरी. आवाज असा, की सकाळपर्यंत कोनी उठलं नाही." मग तिनं पुसलेलं ताट त्याच्यासमोर धरलं आणि त्यात न विचारता भाजीचा एक डाव जास्तच घातला. त्या डावात सगळं बोलणं आलं.

*

दुपारी पटांगणात तीळ ठेवायला जागा उरली नाही. पोटभर जेवलेली माणसं सैलावून बसली होती, मागची झाडांवर चढली होती. ढोलकी रीनाची, मिशा अंजूच्या. पाटील ठसक्यात आला आणि बायको त्याला म्हणाली, "धान कापाले मी, रोवाले मी, निंदाले मी, मंग पाटील तू काहून?" तेव्हा बायकांच्या बाजूनं असा हशा उठला, की कावळे उडाले. पोरींचे पाय असे पडत होते, जसं खळ्यावर धान झोडपतात— एकदम, ठाम, न चुकता. पुरुषांच्या पार्टीतले म्हातारे गडी नकळत मांडीवर ठेका धरून बसले होते. डोमाजींचाही हात चालला होता. त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला, मग नाद सोडला.

खेळ संपला तेव्हा टाळ्या विरायलाच तयार नव्हत्या. डोमाजी माइकवर आले. "शब्द तो शब्द. पटांगण भरलं. मंडळ चालू ऱ्हाईन." आणि मग मंचाखाली उतरता उतरता, हसत हसत, रीनाजवळ हळूच म्हणाले, "पन पुढच्या सालाची तयारी आम्ही ठेवतो, मॅडम. चुलीपाशी पायलं मी. तुमचं जमल्यासारखं दिसते... आनंदच आहे. पन बाई जवाहरनगरले, तं मंडळ माळ्यावर."

रीना ढोलकीची वादी सोडत राहिली. सगळं पटांगण जिंकून झालं होतं आणि एवढासा काटा उरला होता. ती तशीच उठली आणि हातपंपाकडे गेली.

सुगत तिथं राखेनं गंज घासत होता. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत काळं. तिला पाहताच तो उभा राहिला, घसा साफ केला. "बांधावरल्या मोहाच्या झाडाले..."

"कविता नको," रीना म्हणाली. "आता सरळ बोल. मले सरळ बोलाचं आहे."

पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलली होती. दोघांच्याही ते ध्यानात आलं, आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

"मले तू आवडतो," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. त्यात काही कोडं नाही. पन मी ही शाळा अन् या पोरी सोडनार नाही, सुगत. आज पोरी कशा नाचल्या, तू पायलं. मी गेली, तं दोन महिन्यात टाळ माळ्यावर जातील. तुह्या क्वार्टरात मी सुखात राहीन... पन मंग ती मी नसन. हे ज्याले चालन, त्यालेच मी चालन."

त्यानं हातपंपाखाली हात धुतले, शर्टाला पुसले. 

"दोन दिवस जवाब नाही दिला," तो म्हणाला, "कारन तुह्या झाडाचा सवाल समजला. तुमसरले खोली पाहत फिरत होतो. राईस मिलच्या मागं एक भेटली. दोन खोल्या, अंगनात हापशी. तिथून तुह्या शाळेले सायकलनं जाता येते. मी एसटीनं भंडाऱ्याले जाईन, तिथून फॅक्टरीची बस. मायले सांगतलं. ती म्हने, पोरगी शाळा सोडत नाही म्हनते, म्हनजे खमकी असन, मी येते पाहाले." त्यानं श्वास घेतला. "हे दोनशेऐंशी अक्षरात बसत नव्हतं, रीना. म्हनून स्वतःच आलो."

रीनाला काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं. पण तिनं फक्त त्याच्या गालावरचा काजळीचा डाग ओढणीच्या टोकानं पुसला. पुसताना तो जास्तच पसरला, आणि दोघंही हसू लागली. मोकळं, दम लागेपर्यंत.

"रोज जानं-येनं... थकशील," ती म्हणाली.

"थकलो तं सांगीन."

"मले?"

"मंग कोनाले? आता तं खासगीत बोलता येते ना?"

"येते," ती म्हणाली. आणि हे 'येते' इतकं हळू होतं, की हातपंपाच्या थेंबानंही ते ऐकायला क्षणभर थांबावं.

घासलेल्या एका गंजात त्यांनी दोघांना पेलेल एवढं पाणी भरलं. एक कडी तिनं धरली, एक त्यानं, आणि मंडईच्या भर बाजारातून दोघं घराकडे निघाली. ओट्यावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. मिठाईवाल्यानं तराजू तसाच धरून ठेवला. रीनानं कडी सोडली नाही.

मंचाचं कापड उतरवणाऱ्या डोमाजींपाशी येऊन ती थांबली.

"डोमाजी, पुढच्या सालचीही दुपार लिहून ठेवा."

डोमाजींनी गंजाकडे पाहिलं, एका कडीकडे, दुसऱ्या कडीकडे. "अन् लगन?"

"ते सकाळी लावून घेऊ जी," रीना म्हणाली. "दुपारी दंडार आहे ना!"

सुगतला असं हसू फुटलं, की त्याच्या हाताची कडी हलली आणि गंजातलं थंडगार पाणी दोघांच्याही पायांवर सांडलं.